उलटविलेल्या काळाचा जमाखर्च

घडून गेलेली गोष्ट मागे फिरून न घडलेली करावी, ही वासना मनुष्याइतकीच जुनी आहे. तिला दर आठवड्याच्या ठरावीक वारी, ठरावीक वेळी, घरोघरच्या पडद्यावर मूर्त रूप देण्याचा उद्योग मात्र गेल्या साठ-पासष्ट वर्षांतलाच. एच. जी. वेल्स यांची कालयंत्रावरील कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कालप्रवासाच्या कल्पनेला यंत्राचा ठसठशीत आधार मिळाला खरा; पण त्या कादंबरीतील प्रवासी अखेरीस दुसऱ्यांदा निघून जातो तो परत येतच नाही, आणि ग्रंथ मिटल्यावर वाचकाच्या मनात जी हुरहूर उरते तिचे सारे बळ त्याच्या या न येण्यातच साठविलेले आहे. दूरचित्रवाणीच्या नायकाला ही मुभा नाही. त्याने या आठवड्यात कोणत्याही शतकात पाऊल ठेवावे, कोणतेही साम्राज्य उलथवावे. पुढल्या आठवड्यात त्याला आपल्या जागी, आपल्या वेषात, आपल्या सोबत्यांसह हजर व्हावेच लागते.

हजेरीच्या या सक्तीतूनच दूरचित्रवाणीवरील काळाचे कायदे जन्माला आले, असे माझे मत आहे, आणि या ग्रंथातील लेखांची निवड व मांडणी त्याच मताच्या अनुरोधाने केली आहे. पुष्कळांची समजूत याहून निराळी असते. त्यांना वाटते, की हे कायदे पदार्थविज्ञानातून आले. कुर्ट ग्योडेल यांनी १९४९ साली आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असे एक फिरते विश्व काढून दाखविले, की ज्यात पुढे पुढे जाणारा प्रवासी आपल्याच भूतकाळात येऊन पोहोचू शकेल. १९५७ साली ह्यू एव्हरेट यांनी असे प्रतिपादन केले, की सूक्ष्म सृष्टीतील प्रत्येक शक्यता आपापल्या शाखेत खरी होत असते. इगोर नोविकोव्ह यांनी असा विचार मांडला, की भूतकाळात गेलेल्याच्या हातून जे काही होईल ते आधीच्या इतिहासाशी सुसंगतच असेल. आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ साली असा तर्क केला, की निसर्गच असल्या प्रवासाला आडकाठी करीत असावा. ही सर्व नावे मालिकांच्या संवादांत मोठ्या सन्मानाने येतात. पण लेखकाला कथेच्या सोयीसाठी जो नियम हवा असतो तो तो आधी ठरवितो आणि मग त्यावर शास्त्राची मोहोर उठवितो, हे अनेक मालिका बारकाईने पाहिल्यावर ध्यानात येते. शास्त्राला निःसंशय मान्य असलेला कालप्रवास एकच, आणि तो पुढच्या दिशेचा. आपल्या पुराणांत रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेलेला राजा ककुद्मी परततो तेव्हा पृथ्वीवर युगे उलटून गेलेली असतात, आणि त्याच्या ओळखीचे कोणी म्हणता कोणी उरलेले नसते, त्या जातीचा. त्यात दुरुस्तीला जागा नाही. आणि दूरचित्रवाणीला तर दुरुस्तीचीच ओढ.

बी. बी. सी.ने ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, दाखविला, लोकांचे चित्त ठिकाणावर नव्हते, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखवावा लागला. या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले, पंचविशीही न गाठलेले तरुण होते. मुलांना इतिहास व विज्ञान यांची गोडी लागावी हा मालिकेच्या जनकांचा एक उद्देश असल्याने ‘डॉक्टर’ या कालप्रवासी नायकाच्या निळ्या कालपेटीत जे पहिले प्रौढ सोबती शिरले त्यांत एक इतिहासाची शिक्षिका होती आणि दुसरा विज्ञानाचा शिक्षक. तेव्हा १९६४ सालच्या अ‍ॅझटेकांच्या कथेत ती शिक्षिका, बार्बरा राइट, देवता समजली जाऊन नरबळीची प्रथा बंद करू पाहते आणि डॉक्टर तिला निक्षून सांगतो की इतिहासाला हात लावता येणार नाही, त्यामागे काळाचे कोणतेही गहन तत्त्व नव्हते. जी मालिका मुलांना इतिहास शिकवायला निघाली, ती खोटा इतिहास दाखवू शकत नव्हती, इतकेच. तरीही लेखक जॉन लुकारोटी यांनी त्या सक्तीतून केवढे सत्त्व काढले! बार्बराचा पराभव होतो, बळी चालूच राहतात, पण तिच्या सांगण्याने ऑटलॉक या एकट्या पुरोहिताची श्रद्धा ढळते आणि तो सत्याच्या शोधात अरण्याची वाट धरतो. संस्कृती वाचली नाही. एक मनुष्य मात्र बदलला. पुढच्याच वर्षी या मालिकेने आपला कायदा फिरविला आणि १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईचा निकाल बदलू पाहणारा एक लबाड साधू पडद्यावर आणला. म्हणजे इतिहास बदलता येतो, पण बदलू देता कामा नये. अशक्यतेची जागा निषेधाने घेतली, आणि निषेध आला की त्याच्या मागोमाग जबाबदारी येते.

त्या काळच्या दूरचित्रवाणीची एक वस्तुस्थिती येथे सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढील विवेचन अपुरे राहील. एकदा प्रक्षेपित झालेला भाग प्रेक्षकाला पुन्हा मागवून पाहता येत नसे. खुद्द बी. बी. सी.त चित्रफिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम मुद्रित करण्याचा शिरस्ता होता, आणि त्यापायी ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले नव्वदीच्या घरातील भाग नष्ट झाले, मार्को पोलोवरील सात भागांची कथा, जिचे बहुतेक भाग हुसेन यांनीच दिग्दर्शित केले होते, तिच्यातला एकही भाग आज पाहावयास मिळत नाही. अमेरिकेत मालिका पुढे स्थानिक केंद्रांना विकल्या जात आणि ती केंद्रे त्यांचे भाग वाटेल त्या क्रमाने दाखवीत. ज्या माध्यमाला स्वतःचे दफ्तर नाही, त्याने प्रेक्षकाच्या स्मरणावर भिस्त ठेवून काळाची गुंतागुंत रचावी कशी? म्हणून प्रत्येक भागाने आपला काळ आपणच उसवायचा आणि आपणच शिवून ठेवायचा, हा दंडक पडला.

या दंडकात राहून जे सर्वोत्तम झाले ते ‘स्टार ट्रेक’च्या ६ एप्रिल १९६७ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ या भागात झाले, असे मी निःशंकपणे म्हणतो, आणि या ग्रंथात त्यावर तीन लेख आहेत याबद्दल कोणी दोष दिला तर तो मला मान्य आहे. औषधाच्या अतिमात्रेने भ्रमिष्ट झालेला यानावरील डॉक्टर मॅकॉय एका पुरातन कालद्वारातून १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये जातो, तेथे काही तरी करतो, आणि त्यासरशी वर आकाशात असलेले यान, त्यातील माणसे, त्यांचे सारे जग नाहीसे होते. त्याच्या मागावर गेलेल्या यानाच्या कप्तान कर्कला तेथे ईडिथ कीलर भेटते. ती मंदीने गांजलेल्या बेकारांना अन्न देणारी, मनुष्यजातीच्या भवितव्यावर विश्वास ठेवणारी स्त्री आहे, आणि कर्क तिच्यावर प्रेम करू लागतो. पण ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीने अमेरिकेचा युद्धप्रवेश लांबेल, जर्मनीच्या हाती अणुबाँब आधी पडेल आणि पुढचे सारे भवितव्य अंधारेल, असे कर्कचा सहकारी स्पॉक याच्या यंत्राने दाखविले आहे. रस्त्यावरच्या अपघातात तिने मेलेच पाहिजे. येथे काळाचा कायदा अगदी सोपा, एका वाक्यात सांगण्याजोगा आहे, आणि त्याचे ओझे एका मनुष्याच्या दोन हातांवर येऊन पडते.

या दोन हातांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. मूळ कथा हार्लन एलिसन यांची. तिच्यात निर्णायक क्षणी कर्कला कर्तव्य करवत नाही आणि जे करावयाचे ते स्पॉकच्या हातून होते. मालिकेच्या संपादक मंडळींनी संहिता अनेकवार बदलली, आणि प्रक्षेपित भागात ईडिथला वाचविण्यासाठी धावलेल्या मॅकॉयला स्वतः कर्कच मिठी घालून अडवून धरतो. एलिसन यांचा या फेरफारांवरचा राग आयुष्यभर गेला नाही. त्यांच्या मूळ संहितेला पटकथाकारांच्या संघाचे पारितोषिक मिळाले आणि प्रक्षेपित रूपाला ह्यूगो पारितोषिक. दोन्ही बाजूंचा साकल्याने विचार केल्यावर माझा कौल प्रक्षेपित रूपाकडे जातो. एलिसन यांचा कर्क माणूस म्हणून अधिक खरा असेल. परंतु ज्याने काळ दुरुस्त केला त्यानेच त्याची किंमत आपल्या हाताने मोजावी, ही गोष्ट त्या मिठीखेरीज साधली नसती. आणि तरीही, त्यानंतरच्याच आठवड्यात, १३ एप्रिलला, तोच कर्क नव्या मोहिमेवर हजर होतो आणि ईडिथचे नावही कोठे येत नाही. किंमत मोजली गेली. ती लिहून ठेवण्याला वही नव्हती.

या शैलीतील कोणतीही कथा पारखताना मी जी कसोटी लावतो ती येथून निघाली आहे. काळ उलटविला, बिघडविला, पुन्हा रुळावर आणला, हे सर्व झाल्यावर त्या व्यवहारात जे खर्ची पडले ते कोणाच्या नावे मांडले गेले? रॉड सर्लिंग यांच्या ‘द ट्वायलाइट झोन’मध्ये १९६१ च्या जानेवारीत दाखविलेल्या एका भागात लिंकन यांची हत्या टाळावयास गेलेला मनुष्य विफल होऊन परततो, तेव्हा महापुरुषाचा मृत्यू तसाच राहिलेला असतो, पण ज्या मंडळात तो बसत असे तेथला नोकर विल्यम आता श्रीमंत सदस्य होऊन बसलेला असतो, कारण त्याच्या पूर्वजाने, त्या रात्रीच्या एका पोलिसाने, या अनोळखी माणसाचा इशारा खरा मानला होता. लहानशी नोंद, पण नोंद झाली. याउलट १९९७ साली ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ने ‘इयर ऑफ हेल’ या दोन भागांच्या कथेत आपले यान वर्षभर छिन्नविच्छिन्न होताना दाखविले, कप्तान जेनवेला त्या वर्षाच्या शेवटी प्राणार्पण करावयास लावले, आणि मग सारे वर्षच पुसून टाकले, कोणाला काही आठवत नाही, कोणाच्या अंगावर ओरखडा नाही. त्यातील प्रतिपक्षाची, म्हणजे काळातून समग्र राष्ट्रे पुसून टाकणाऱ्या आणि त्याच पुसण्यात आपली पत्नी गमावून बसल्यामुळे दोनशे वर्षे हिशेब जुळवीत राहिलेल्या अ‍ॅनोरॅक्सची, व्यक्तिरेखा फार उंचीची आहे. ती रेखाटणाऱ्यांनीच आपल्या मुख्य पात्रांचे दुःख असे बुडीत खाती टाकावे, याची मला मनापासून खंत वाटते.

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ने हीच गोष्ट सात वर्षे आधी किती निराळ्या रीतीने केली होती, हे पाहण्यासारखे आहे. ‘यस्टरडेज एंटरप्राइज’ या फेब्रुवारी १९९० च्या भागात बावीस वर्षांपूर्वीचे एक जहाज कालविवरातून वर्तमानात येते आणि सारा वर्तमान पालटतो: क्लिंगॉन या परग्रहवासीयांशी युद्ध पेटलेले, पराभव समोर दिसणारा, आणि पहिल्याच वर्षी मृत्यू पावलेली ताशा यार जिवंत. त्या जहाजाने मागे जाऊन नरेंद्र नावाच्या ग्रहावरील क्लिंगॉन वसाहतीच्या रक्षणार्थ मरण पत्करले, तर युद्ध होणारच नाही. आणि आपले तेथे असणे मुळातच चुकीचे आहे हे उमजलेली ताशा स्वखुशीने त्या जहाजाबरोबर जाते. काळ सावरतो. पण गायनन नावाची जी स्त्री आधीपासून काही तरी चुकल्याचे जाणत होती, ती शेवटी सहज म्हणून ताशाविषयी चौकशी करते, आणि १९९१ साली मालिकेत एक रोम्युलन सेनाधिकारी अवतरते जिचा चेहरा हुबेहूब ताशाचा आहे, कारण ती त्या पुसल्या गेलेल्या काळातून मागे गेलेल्या ताशाचीच मुलगी आहे. रद्द झालेल्या कालरेषेतील एक कन्या अस्तित्वात असलेल्या कालरेषेत आपला हक्क सांगत उभी राहते. याहून सबळ दस्तऐवज कोणता?

शाखांचे, म्हणजे समांतर जगांचे, शास्त्र मांडणाऱ्या मालिकांना हा हिशेब सुटल्यासारखा वाटतो, कारण तेथे काहीच पुसले जात नाही. एका जगात जो गेला तो दुसऱ्या जगात असतोच. पण चांगल्या लेखकांनी तेथेही कर्जाची वसुली सोडलेली नाही. ‘द नेक्स्ट जनरेशन’च्याच १९९३ सालच्या ‘पॅरलल्स’ या भागात दोन लाख पंच्याऐंशी हजार एंटरप्राइज जहाजे एकाच आकाशात गोळा होतात आणि सर्वांना आपापल्या विश्वात परत धाडण्याचा उपाय सापडतो; त्यांतील एका जहाजाचा कप्तान मात्र परत जाण्यास नकार देतो, कारण त्याच्या विश्वात सर्वत्र बोर्ग या शत्रूने संहार केलेला आहे. अवघ्या काही मिनिटांचा तो प्रसंग शाखांच्या सिद्धान्तावरील माझ्या वाचनातल्या कोणत्याही निबंधाहून अधिक बोलका आहे. ‘फ्रिंज’ने (२००८ ते २०१३) तर आपली सारी इमारत अशाच एका कर्जावर उभारली: वॉल्टर बिशप या शास्त्रज्ञाचा मुलगा मरतो, आणि १९८५ साली तो पलीकडच्या विश्वातील त्याच मुलाला आजारातून वाचविण्यासाठी तेथे जातो व त्याला घेऊन येतो. त्याच्या घरी मुलगा परत आला. पलीकडे आणखी एक आई आणि आणखी एक बाप पोरके झाले, आणि दोन्ही विश्वांची वस्त्रे त्या छिद्रापासून विरू लागली.

पुढे चित्रफिती आल्या, चकत्या आल्या, आणि आता अख्खी मालिका एका बैठकीत, हवी तेव्हा थांबवून, मागे नेऊन पाहता येते. माध्यमाला दफ्तर मिळाले. त्याबरोबर काळाचा कायदाही बदलला. २०१७ ते २०२० या काळात तीन पर्वांत आलेली ‘डार्क’ ही जर्मन मालिका प्रेक्षकाने वंशवृक्ष कागदावर काढीत पाहावी अशीच रचलेली आहे; ती १९६७ साली प्रक्षेपित होणे शक्यच नव्हते. विंडेन या अणुशक्तिकेंद्राच्या गावात २०१९ साली नाहीसा झालेला मिकेल हा मुलगा १९८६ साली वर येतो, तेथेच वाढतो, विवाह करतो, आणि ज्या तरुण योनासच्या मागून मालिका चालते त्याचा पिता तोच असतो. एक आई आपल्या मुलीची मुलगी ठरते. येथे काहीही बदलत नाही, कारण बदलण्याचा प्रत्येक यत्नच घडलेल्या गोष्टीचे कारण होतो. मालिकेतील तेहतीस वर्षांचे अंतर चंद्र-सूर्यांच्या गतीवरून घेतलेले आहे, आणि मराठी वाचकाला ते समजावून देण्याचे विशेष कारण नाही: चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून आपण अधिक मास धरतो, आणि जेथे तो धरीत नाहीत तेथे मोहरम सर्व ऋतूंतून फिरून सुमारे तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. बारान बो ओडार आणि यांच्ये फ्रीझे या जोडीने या गणितावर जी शोकांतिका रचली, तिचा शेवट येथे सांगितल्यावाचून इलाज नाही. आपली दोन्ही जगे एका घड्याळजीच्या पुत्रशोकातून निर्माण झालेल्या चुका आहेत हे कळल्यावर योनास आणि दुसऱ्या जगातील त्याची प्रेयसी मार्था त्या मुलाचा जीव घेणारा अपघातच टाळतात आणि त्याबरोबर स्वतःही विरून जातात. उरलेल्या मूळ जगात एका जेवणाच्या टेबलावर एका गरोदर स्त्रीला, का ते न कळता, योनास हे नाव आवडते. ‘इयर ऑफ हेल’ने जे बुडविले ते येथे एका नावापुरते का होईना जमा झाले आहे.

स्पेनच्या ‘एल मिनिस्तेरियो देल तिएंपो’ या २०१५ साली सुरू झालेल्या मालिकेला या ग्रंथात मी मोठे स्थान दिले आहे, कारण काळाचा कारभार हा शब्दशः सरकारी कारभार मानणारी तिच्याइतकी प्रामाणिक कृती मला दुसरी आढळली नाही. माद्रिदच्या तळघरात भूतकाळात उघडणारे दरवाजे आहेत. त्यांवर पहारा ठेवण्यासाठी एक गुप्त खाते आहे. त्याला वरिष्ठ आहेत, हुकूम आहेत, खर्चाच्या मंजुऱ्या आहेत, आणि सोळाव्या शतकातील एक सैनिक, एकोणिसाव्या शतकातील एक विद्यार्थिनी व आजचा एक रुग्णवाहिकेवरील सेवक असे तीन कर्मचारी इतिहास होता तसाच राहावा म्हणून वेतनावर राबत आहेत. ज्या इतिहासाचे ते रक्षण करतात त्यात धर्मन्यायसभा आहे, यादवी युद्ध आहे, १९३६ साली गोळी घातलेला कवी लोर्का आहे. आणि त्या सेवकाला आपल्या अपघातात गेलेल्या पत्नीपर्यंत पोहोचण्याचा दरवाजा ठाऊक असूनही हुकूम आड येतो. लोर्काला वाचविता येत नाही. पण मालिकेच्या एका उत्तरकालीन भागात त्याला १९७९ सालात आणले जाते आणि कामारोन हा गायक त्याचेच शब्द गात असलेला तो ऐकतो, तेव्हा आपल्याला मारणाऱ्यांवर आपणच मात केली हे त्याला उमगते. इतिहासाचा एक कानामात्रा न बदलता त्याचे देणे चुकते करण्याचा याहून हृद्य मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे ही वाट दूरचित्रवाणीने नव्हे, तर जयंत नारळीकर यांच्या लेखणीने दाखविली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. नारळीकरांनी गंगाधरपंत गायतोंडे या इतिहासाच्या प्राध्यापकाला त्या ‘तर’च्या जगात नेऊन सोडले, तेथली मुंबई दाखविली, आणि परत आल्यावर त्यांच्या खिशात त्या जगातील बखरीचे एक फाटके पान ठेविले, ज्यात गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेल्याचे वर्णन आहे. त्या पानात मला माझी कसोटी पूर्णपणे उतरलेली दिसते, आणि दूरचित्रवाणीने ही कथा घेऊन एक भारदस्त मालिका करावी अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

ग्रंथाच्या व्याप्तीविषयी थोडेसे. युद्धाचा निकाल उलटा लागलेल्या जगात केवळ वसलेल्या, पण ज्यांत कोणी प्रवास करीत नाही, अशा मालिका वगळल्या आहेत; जपानी चित्रमालिकांना स्वतंत्र ग्रंथ लागेल, म्हणून त्यांना येथे ओझरता स्पर्श केला आहे. प्रत्येक लेखात कथेचा शेवट उघड केलेला आहे, कारण शेवट झाकून हिशेबाची तपासणी होत नाही. ज्यांना या विषयाचा पूर्वपरिचय नाही त्यांनी आधी १९६७ सालचा तो ‘स्टार ट्रेक’चा भाग पाहावा, त्यानंतर ‘डॉक्टर हू’मधील ‘फादर्स डे’ हा २००५ सालचा भाग पाहावा, ज्यात डॉक्टरची सोबतीण रोझ आपल्या वडिलांना मोटारीखालून ओढून वाचविते, जग कोसळू लागते, आणि तिचे वडील आपण होऊन पुन्हा त्या मोटारीपुढे जातात. फक्त आता ते एकटे मरत नाहीत, एक अनोळखी मुलगी त्यांचा हात धरून बसलेली असते, आणि पुढे रोझची आई लहानग्या रोझला त्या मृत्यूची हकीकत सांगते तीही त्या मुलीसह. एवढे पाहून झाले, की ग्रंथातला कोणताही लेख उघडावा. लेखांचा क्रम सन-सालांप्रमाणे लावलेला असला, तरी वाचण्याला त्याची अडचण नाही.